समांतर संगणन आणि ग्राफिक्स प्रोसेसर : महाराष्ट्रातील वाटचाल व मराठवाडा (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

बीजसंज्ञा : समांतर संगणन, परम महासंगणक, ग्राफिक्स प्रोसेसर, कुडा, मराठवाडा

प्रस्तावना :

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले आणि लातूरच्या टंचाईची चर्चा देशभर झाली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन जीवितहानी झाली. एकाच प्रदेशावर दुष्काळ आणि महापूर अशी दोन्ही संकटे येतात. पाऊस केव्हा, कोठे व किती पडेल, हा येथील शेतकऱ्याचा सर्वांत जुना प्रश्न आहे. आणि आधुनिक काळात तो एका प्रचंड आकडेमोडीचाही प्रश्न झाला आहे.

भारताने १९८० च्या दशकात महासंगणक मिळवण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांच्या मुळाशी मान्सूनच्या अंदाजाचीच गरज होती. त्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात समांतर संगणनाची परंपरा निर्माण झाली. पुढे खेळांच्या चित्रांसाठी तयार झालेल्या ग्राफिक्स प्रोसेसरने या क्षेत्राचे स्वरूप पालटले. या दोन प्रवाहांचा ऐतिहासिक आढावा घेऊन नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील समांतर संगणनाच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) ग्राफिक्स प्रोसेसर सर्वसाधारण गणनासाठी कसा वापरात आला, याची मीमांसा करणे.
३) या विकासाचा मराठवाड्यातील उच्च शिक्षणाशी असलेला संबंध तपासणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केलेला आहे. यंत्रांचे तांत्रिक तपशील विवेचनापुरतेच घेतलेले आहेत.

समांतर संगणनाचे स्वरूप :

सामान्य संगणकात सूचना एकीमागून एक पार पाडल्या जातात. समांतर संगणनात एका मोठ्या कामाचे अनेक लहान भाग करून ते एकाच वेळी अनेक प्रोसेसरकडे सोपवले जातात. सोयाबीनच्या काढणीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. दहा मजुरांऐवजी वीस मजूर लावले, तर काढणी जवळपास निम्म्या वेळात होते. कारण प्रत्येकाची ओळ वेगळी असते. परंतु पीक पक्व होण्याचा काळ मजूर वाढवून कमी होत नाही. गणितातही काही कामे ओळी वाटून देण्यासारखी असतात, तर काही क्रमानेच करावी लागतात.

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेल्या विचारातून ही मर्यादा नेमकी लक्षात येते. एखाद्या कामाचा दहावा हिस्सा क्रमानेच करावा लागत असेल, तर प्रोसेसर कितीही वाढवले तरी एकूण वेग दहापटींच्या पुढे जात नाही. म्हणून समांतर संगणनात यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व प्रश्नाच्या फेरमांडणीला असते. पुढील सर्व विवेचनाचा हाच केंद्रबिंदू आहे.

नकारातून उभी राहिलेली परंपरा :

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने मान्सूनच्या अंदाजासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीच्या महासंगणकाची मागणी केली. शीतयुद्धाच्या त्या काळात अशी यंत्रे अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांच्या संशोधनासाठीही वापरली जाऊ शकतात, या कारणावरून मोठ्या क्षमतेचे यंत्र देण्यास अमेरिकेने नकार दिला. अखेर कमी क्षमतेचे क्रे एक्स-एमपी १४ हे यंत्र, तेही वापरावरील अटींसह, दिल्लीतील हवामान केंद्रासाठी मिळाले.

या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे या कार्याचे नेतृत्व होते. तीन वर्षांत स्वदेशी महासंगणक उभारण्याचे उद्दिष्ट ठरले आणि १९९१ मध्ये परम ८००० हे यंत्र तयार झाले. त्यासाठी वापरलेली ट्रान्सप्युटर ही चिप ब्रिटनमधील इनमॉस कंपनीची होती आणि बाजारात उपलब्ध होती. तेव्हा परमचे स्वदेशीपण चिपमध्ये शोधणे योग्य ठरणार नाही. अनेक साध्या चिप एकमेकींना जोडणे, त्यांच्यात कामाची वाटणी करणे आणि ती वाटणी लिहिता यावी अशी आज्ञावली-व्यवस्था निर्माण करणे, यांत ते स्वदेशीपण होते. परमसाठी सी-डॅकने तयार केलेली 'परस' ही प्रणाली याच व्यवस्थेचा भाग होय.

भारतात हा एकमेव प्रयत्न नव्हता. बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ मध्येच फ्लोसॉल्व्हर हे समांतर यंत्र कार्यान्वित झाले होते, तर मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९९१ च्या सुमारास अनुपम मालिकेस प्रारंभ झाला. परम मालिका मात्र पुढे सातत्याने विस्तारत गेली. १९९८ मध्ये परम १०००० आणि २००३ मध्ये परम पद्म ही यंत्रे आली. परम पद्मची कमाल क्षमता सुमारे १ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला एक लक्ष कोटी दशांश-गणिते, इतकी होती. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातीलच कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या संस्थेचा 'एक' हा महासंगणक जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानी आला.

पडद्यावरील चित्रांकडून गणिताकडे :

भारतात हे प्रयत्न सुरू असताना संगणकीय खेळांच्या बाजारपेठेत वेगळाच बदल घडत होता. पडद्यावरील चित्र लाखो बिंदूंचे बनलेले असते व प्रत्येक बिंदूचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येतो. म्हणजे चित्र रेखाटणे हे स्वभावतःच समांतर काम आहे. १९९९ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ ही चिप आणली व 'जीपीयू' ही संज्ञा रूढ केली. २००१ पासून अशा चिपवर बिंदूंच्या रंगसंगतीचे नियम वापरकर्त्याला स्वतः लिहिता येऊ लागले.

या सोयीकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. मात्र ही चिप चित्राखेरीज अन्य काही जाणत नव्हती. त्यामुळे आपल्या आकड्यांना चित्राच्या रंगांचे रूप द्यायचे, गणित म्हणून पडद्याआड त्रिकोण रेखाटायला लावायचे आणि तयार झालेल्या चित्रातून उत्तर वाचून घ्यायचे, असा द्राविडी प्राणायाम त्यांना करावा लागे. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात इयान बक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रुक' ही भाषा मांडून हा अडसर बराच दूर केला. पुढे बक एन्व्हिडियात गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये 'कुडा' या व्यवस्थेची घोषणा झाली आणि जून २००७ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. सी भाषा जाणणाऱ्या कोणालाही आता चित्राच्या आडवाटेने न जाता थेट गणित लिहिता येऊ लागले. डिसेंबर २००८ मध्ये 'ओपनसीएल' हे अनेक कंपन्यांच्या चिपवर चालणारे खुले मानकही मंजूर झाले.

कुडाची कार्यपद्धती थोडक्यात अशी सांगता येईल. प्रोग्रामर एकाच घटकाचे काम सांगणारी छोटी आज्ञावली लिहितो. यंत्र तिच्या हजारो प्रती एकाच वेळी चालवते. या प्रतींना 'थ्रेड' म्हणतात. ३२ थ्रेडांचा एक गट एका वेळी एकच सूचना पाळतो. गटातील काहींनी एक वाट व काहींनी दुसरी वाट धरली, तर दोन्ही वाटा पाळीपाळीने चालाव्या लागतात आणि वेग घटतो. शिवाय मुख्य स्मृतीतून ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत माहिती नेण्या-आणण्यातही वेळ जातो. गणित थोडे व वाहतूक जास्त असे काम या चिपवर दिले, तर फायदा होण्याऐवजी तोटा होतो.

२००८ मध्ये आलेल्या टेस्ला सी १०६० या एका कार्डाची कमाल क्षमता एकेरी अचूकतेच्या गणितात ९३३ गिगाफ्लॉप्स होती. परम पद्मनंतर अवघ्या पाच वर्षांत जवळपास तेवढाच आकडा एका कार्डावर आला. मात्र ही तुलना सावधपणे करावयास हवी. दुहेरी अचूकतेच्या गणितात याच कार्डाची क्षमता केवळ ७८ गिगाफ्लॉप्स होती. आणि कागदावरील कमाल क्षमता व प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत नेहमीच अंतर असते. तरीही दिशा स्पष्ट झाली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये जागतिक क्रमवारीत प्रथम आलेल्या चीनच्या तियान्हे-१ए या यंत्रात ७,१६८ ग्राफिक्स प्रोसेसर होते.

महाराष्ट्रातील उपयोजन :

महाराष्ट्रातील या तंत्राचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशाचे चित्र मिळवण्यासाठी प्रत्येक दोन अँटेनांच्या संकेतांचा परस्परांशी गुणाकार करावा लागतो. अशा ४३५ जोड्या होतात. पूर्वी हे काम खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक मंडले करीत. २०१० च्या सुमारास त्यांची जागा संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतली; तेव्हा एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळला जाई. दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणात ही रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढली. एवढा पट्टा नोंदवायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ही गुणाकाराची जबाबदारी ग्राफिक्स प्रोसेसरवर सोपवण्यात आली. जोड्या एकमेकींवर अवलंबून नसल्याने हे काम ओळी वाटून देण्यासारखेच होते.

हवामानशास्त्रातील परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे पृथ्वीचे वातावरण चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान व बाष्प यांची समीकरणे सोडवली जातात. शेजारच्या चौकटींची माहिती प्रत्येक पायरीवर लागत असल्याने वाहतूक वाढते. शिवाय या क्षेत्रातील आज्ञावल्या अनेक दशकांत फोर्ट्रान भाषेत लिहिल्या गेलेल्या असून त्यांची फेरमांडणी हे वर्षानुवर्षांचे काम आहे. स्वित्झर्लंडच्या हवामान विभागाने २०१६ मध्ये दैनंदिन अंदाज ग्राफिक्स प्रोसेसरवर आणला, तो अशाच दीर्घ प्रयत्नांनंतर.

पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा 'अर्क' हा महासंगणक कार्यान्वित झाला. नोएडा येथील 'अरुणिका'सह उभारलेल्या या व्यवस्थेत कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रशिक्षण यांसाठी १.९ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा स्वतंत्र भाग आहे. मे २०२५ मध्ये याच संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली.

सी-डॅकच्या पुणे केंद्रातील परम सिद्धी-एआय हा महासंगणक प्रामुख्याने ग्राफिक्स प्रोसेसरवर आधारलेला असून नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक क्रमवारीत तो ६३ व्या स्थानी होता. ट्रान्सप्युटरपासून सुरू झालेली परमची मालिका अशा रीतीने ग्राफिक्स प्रोसेसरपर्यंत येऊन पोहोचली.

नांदेड व लातूरच्या संदर्भात :

वरील घडामोडींचे केंद्र पुणे राहिले आहे. परंतु ज्या प्रश्नांसाठी ही यंत्रे उभी राहिली, त्यांतील अनेक प्रश्न मराठवाड्याच्या मातीतील आहेत. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. या कार्यक्षेत्रापुरता विचार केला तरी तीन ठळक प्रश्न समोर येतात.

पहिला प्रश्न पावसाचा. लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,१५७ चौरस किलोमीटर व नांदेडचे सुमारे १०,५२८ चौरस किलोमीटर आहे. १२ किलोमीटरच्या चौकटीत लातूर जिल्हा सुमारे ५० व नांदेड सुमारे ७३ चौकटींत मावत असे. ६ किलोमीटरच्या चौकटीत या संख्या अनुक्रमे सुमारे १९९ व २९२ होतात. चौकट निम्मी केली की जमिनीवरील चौकटी चौपट होतात आणि काळाची पायरीही निम्मी करावी लागते; म्हणजे गणिताचे ओझे किमान आठपट वाढते. मुखेडसारखी अतिवृष्टी काही गावांपुरती मर्यादित असू शकते. तिच्यापर्यंत पोहोचायचे तर चौकट आणखी लहान करावी लागेल आणि समांतर संगणनावाचून ते साध्य होणार नाही.

दुसरा प्रश्न भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूगर्भातून लाटा कशा पसरतात आणि कोणत्या जमिनीवर हादरा किती वाढतो, याचे अनुकरण संगणकावर करता येते. तेही चौकटींचेच गणित असून ग्राफिक्स प्रोसेसरवर ते चांगल्या रीतीने चालते, हे जगभरच्या संशोधनातून सिद्ध झाले आहे.

तिसरा प्रश्न अगदी निराळ्या क्षेत्रातला आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. तिच्या प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर असेल. नोंदीतील गोंगाटातून लहर ओळखण्यासाठी संभाव्य लहरींचे नमुने नोंदीशी ताडून पाहावे लागतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर यांचा समावेश होतो, बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये या विषयावर मूलभूत शोधनिबंध प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१५ मधील पहिल्या शोधाच्या वेळी अशा सुमारे अडीच लाख नमुन्यांशी पडताळणी करण्यात आली होती. प्रत्येक नमुन्याची पडताळणी स्वतंत्र असल्याने हेही समांतर संगणनाचे काम आहे.

पाऊस येथला, भूकंप येथला आणि उद्या वेधशाळाही येथली. परंतु त्यांचे गणित मात्र अन्यत्र होते. येथील विद्यार्थी या गणितात कोणत्या नात्याने सहभागी होणार, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात या प्रदेशाने यापूर्वी स्वतःची वाट घडवलेली आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी 'लातूर पॅटर्न' निगडित आहे. अभ्यासाचे काटेकोर नियोजन, शिक्षकांचे सामूहिक परिश्रम आणि पुनःपुन्हा सराव यांच्या बळावर ग्रामीण मराठवाड्यातील असंख्य विद्यार्थी वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणापर्यंत पोहोचले. नांदेड येथे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. तेव्हा बुद्धी व परिश्रम यांची येथे वाण नाही. मात्र परीक्षाकेंद्रित सरावात प्रश्न तयार मिळतो. विद्यार्थ्याने त्याचे उत्तर शोधायचे असते. समांतर संगणनात प्रश्न कसा फोडायचा, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. ही सवय केवळ सरावसंचांतून लागत नाही. लातूर पॅटर्नमधील शिस्त व सामूहिकता कायम ठेवून त्यात प्रश्नाच्या फेरमांडणीचे शिक्षण आणणे, हे पुढील पिढीच्या शिक्षकांपुढील आव्हान आहे.

यंत्राचा अडसर पूर्वीइतका राहिलेला नाही. १९८८ मध्ये जे यंत्र एका राष्ट्राला अटींवर मिळाले, त्याहून कितीतरी अधिक गणनक्षमता आज प्रयोगशाळेतील एका ग्राफिक्स कार्डात असते. गुगलच्या कोलॅब सेवेतून २०१७ पासून ग्राफिक्स प्रोसेसर मर्यादित काळासाठी विनामूल्य वापरताही येतो. अर्थात वीजपुरवठा, आंतरजालाची गती व प्रशिक्षित अध्यापक यांच्या अडचणी नाकारता येणार नाहीत. तथापि महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी घेऊन त्यांवरून जिल्ह्याचा पर्जन्यनकाशा तयार करणे, किंवा लाटेचे समीकरण छोट्या चौकटीवर सोडवणे, असे प्रकल्प पदवी स्तरावरही देता येतील. संगणकशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र व गणित या विभागांनी एकत्र येऊन ते राबवल्यास त्यांचा लाभ अधिक होईल.

येथे आणखी एका बाजूचा विचार आवश्यक आहे. कुडा ही व्यवस्था एकाच विदेशी कंपनीच्या चिपसाठी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपच्या निर्यातीबाबत जाहीर केलेल्या नियमांत भारताचा समावेश निर्बंधमुक्त देशांत नव्हता. ते नियम मे २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. तरीही १९८० च्या दशकातील नकाराची आठवण करून देणारी ही घटना आहे. म्हणून विद्यार्थ्यांना एका कंपनीची भाषा शिकवून थांबणे पुरेसे होणार नाही. ओपनसीएलसारखी खुली मानके आणि त्यांहूनही मूलभूत असे समांतर विचाराचे तत्त्व शिकवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील समांतर संगणनाचा प्रारंभ मान्सूनच्या अंदाजाची गरज व परकीय नकार यांतून झाला. परमचे यश चिपच्या निर्मितीत नसून कामाच्या वाटणीच्या ज्ञानात होते.
२) ग्राफिक्स प्रोसेसर विज्ञानासाठी निर्माण झाला नव्हता. प्रश्नांची फेरमांडणी करणाऱ्या संशोधकांमुळे व २००७ पासून उपलब्ध झालेल्या कुडासारख्या व्यवस्थांमुळे तो विज्ञानाचे साधन बनला.
३) सर्वच प्रश्न या चिपला सारखेच अनुकूल नसतात. जीएमआरटीचे गणित तिच्याशी सहज जुळले. हवामानाच्या आज्ञावल्यांना मात्र दीर्घ फेरलेखन आवश्यक ठरते.
४) पाऊस, भूकंप व गुरुत्वीय लहरी हे तिन्ही प्रश्न नांदेड विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राशी थेट निगडित आहेत.
५) यंत्र स्वस्त झाले असले तरी ते वापरणारी दृष्टी आपोआप येत नाही. ती घडवण्याचे काम महाविद्यालयांचे आहे.

समारोप :

परम ८००० ची जागा पुढील यंत्रांनी केव्हाच घेतली. त्यातील ट्रान्सप्युटरही कालबाह्य झाला. परंतु तो उभारताना तयार झालेली माणसे व त्यांचे ज्ञान पुढील प्रत्येक यंत्राच्या उपयोगी पडले. आजचे ग्राफिक्स कार्डही काही वर्षांत जुने होईल. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी यंत्रांच्या खरेदीपेक्षा अशी माणसे घडवण्यास प्राधान्य दिले, तर मराठवाड्याच्या पावसाचे व भूमीचे गणित मांडणाऱ्यांत मराठवाड्यातील विद्यार्थीही असतील.